डॅकची तुलना: आधी व्होल्ट, मग कान

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी डेल्टा-सिग्मा जातीचा एक डॅक (डिजिटल फाइलीचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आहे. मित्राकडून महिन्याभरासाठी आर-टू-आर जातीचा (रेझिस्टरच्या शिडीने सिग्नल घडवणारा) डॅक आणला आहे. तो ओव्हरसॅम्पलिंग करत नाही, म्हणजे नोंदलेल्या सॅम्पलांच्या (ठरावीक क्षणांना मोजलेल्या पातळ्यांच्या) मध्ये गणिताने नवी सॅम्पलं भरत नाही. शिवाय एक जुना सीडी प्लेअर आहे आणि ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच सीडी आहेत. तिन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ऐकलं तेव्हा आर-टू-आर ‘वॉर्म आणि मोकळा’ वाटला, डेल्टा-सिग्मा ‘स्वच्छ पण कोरडा’. जुन्या सीडी त्या प्लेअरवर गोड लागतात, पण त्यांच्याच फाइली लॅपटॉपवरून वाजवल्या की कानाला टोचतात. छापील मोजमापांत मात्र डेल्टा-सिग्मा सगळ्यांच्या पुढे. मग कान खोटे की आकडे? आणि आर-टू-आर घ्यावा का?

मी पंचवीसेक वर्षं रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग करतो आहे. तुम्ही सांगितलेल्यातले निदान दोन फरक मला खरे वाटतात, म्हणजे डोळे बांधूनही ऐकू येतील असे. पण त्यांचं श्रेय किंवा दोष तुम्ही ज्याला देताय, तो बहुतेक वेगळाच निघेल.

सुरुवात व्होल्टपासून. पूर्ण पातळीच्या सिग्नलला आरसीए (घरगुती यंत्रांची साधी जोडणी) आउटपुटवर २ व्होल्ट मिळावेत असा सीडीच्या काळापासूनचा रिवाज आहे, बॅलन्स्डला (स्टुडिओतल्या तीन तारांच्या जोडणीला) साधारण ४. रिवाज म्हणतोय, कारण पाळण्याची सक्ती कोणावरच नाही. कोणी २.२ देतो, कोणी २.४, कोणी २.५. दोनऐवजी २.४ व्होल्ट म्हणजे जवळपास १.६ डेसिबल जास्त. एवढा फरक आवाज ‘मोठा’ झाला म्हणून कळत नाही. गाणं भरदार वाटतं, खर्ज जास्त ऐकू येतो, तानपुरा मागे होता तो पुढे आल्यासारखा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की पातळी बदलली की खालच्या आणि वरच्या स्वरांबद्दलची कानाची संवेदना सारख्या प्रमाणात बदलत नाही. त्यामुळे पातळी न जुळवता केलेली डॅकची तुलना मी तरी तुलना मानत नाही. आपण कुठलीही विशेषणं वापरली तरी ती शेवटी व्होल्टचीच असतात.

जुळवायला महागडं काही लागत नाही. ३०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा साइन टोन वाजवा, अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा आणि डॅकच्या आउटपुटवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. एक हजार हर्ट्झ मुद्दाम सांगत नाही. साधे मल्टिमीटर चारेकशे हर्ट्झच्या पुढे सर्रास चुकीचं वाचतात. दोन्ही डॅकमधला फरक ०.१ डेसिबलच्या आत आणायचा आहे, म्हणजे व्होल्टमध्ये सव्वा टक्क्याहूनही थोडा कमी. दोन व्होल्टला साधारण २३ मिलिव्होल्टची सूट मिळते. जो डॅक मोठा असेल त्याला सॉफ्टवेअर प्लेअरमधून खाली आणा. २४ बिटमध्ये दोन-तीन डेसिबल कमी केल्याने काही बिघडत नाही, त्याची धास्ती नको. डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळा मोजा. दोहोंत अर्ध्या डेसिबलचा फरक निघाला तर गायक मधोमध न राहता एका बाजूला सरकतो आणि आपण ‘स्टेजिंग’वर (कोण कुठे बसून गातंय-वाजवतंय या भासावर) निबंध लिहीत बसतो.

पातळी जुळवताना एक गंमत होते. आजकालची बरीच मास्टरं (प्रकाशनासाठीच्या अंतिम प्रती) शून्य डेसिबलला, म्हणजे डिजिटलच्या कमाल पातळीला, टेकवलेली असतात (मीही तसली करून दिली आहेत, गिऱ्हाइकाच्या हट्टापायी). अशा फाइलमध्ये एकही सॅम्पल मर्यादेबाहेर नसतं, पण दोन सॅम्पलांच्या मधून जाणारी प्रत्यक्ष लाट त्यांच्या वर चढते. सॅम्पलिंगच्या पाव वारंवारतेचा साइन ४५ अंशांवर सॅम्पल केला तर लाटेचं टोक सॅम्पलांपेक्षा तब्बल ३ डेसिबल वर असतं. ओव्हरसॅम्पलिंग करणाऱ्या फिल्टरला ही मधली टोकं गणिताने काढावी लागतात. तिथे जागा राखून ठेवलेली नसेल तर टोकं छाटली जातात आणि ठणठणीत मास्टरवर एक बारीक करकर येते. ओव्हरसॅम्पलिंग न करणारा डॅक हे गणितच करत नाही, म्हणून त्याला हा त्रास नाही. तेव्हा तुमचा ‘कोरडेपणा’ फक्त नव्या, जोरात मास्टर केलेल्या अल्बमांवर जाणवत असेल आणि जुन्या मवाळ रेकॉर्डिंगवर नसेल, तर डेल्टा-सिग्माला जाणारा सिग्नल सॉफ्टवेअरमधून ४ डेसिबल खाली आणा, तेवढाच अ‍ॅम्प्लिफायरवर वाढवा आणि पुन्हा ऐका. डॅक बदलण्याआधीच आजार बरा झाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

आता आर-टू-आरचा वॉर्मपणा. याची जी फोड मी करतो ती ऐकून रेझिस्टरच्या शिडीचे भक्त रागावतात, पण इलाज नाही. ओव्हरसॅम्पलिंग न करणारा डॅक प्रत्येक सॅम्पलची पातळी पुढचं सॅम्पल येईपर्यंत धरून ठेवतो. नुसत्या या धरून ठेवण्यानेच वरचे स्वर खाली येतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला १० किलोहर्ट्झवर पाऊण डेसिबल, १५ वर १.७ आणि २० वर ३.२ डेसिबल अशी ती उतरण असते. काही उत्पादक आउटपुटच्या टप्प्यात ती भरून काढतात, पुष्कळ जण काढत नाहीत. वीस किलोहर्ट्झ आपल्या वयाच्या कानांना ऐकू येत नाही हे खरं, पण १० ते १५च्या पट्ट्यातली ही घट ऐकू येते. झांजेची धार, ‘स’चा फूत्कार, तबल्याच्या चाटेतली किनार, सगळं किंचित बसतं. यालाच आपण वॉर्म म्हणतो.

तुमच्या हातात महिनाभर डॅक आहे, तर याची परीक्षा घ्याच. सॉफ्टवेअर प्लेअरमध्ये ४४.१ची फाइल १७६.४ किलोहर्ट्झला अपसॅम्पल करा (सॅम्पलांचा दर चौपट करा) आणि तशी आर-टू-आरला द्या. त्या दराला हीच उतरण २० किलोहर्ट्झवर जेमतेम ०.२ डेसिबल उरते. शिडी तीच, रेझिस्टर तेच, आउटपुट तेच, फक्त उतरण गेली. वॉर्मपणाही गेला तर चोर सापडला. उलटा प्रयोगही करता येतो. डेल्टा-सिग्माला इक्वलायझरने वर दिलेल्या आकड्यांची उतरण द्या, पातळी जुळवा, आणि कुठला कुठला ते ओळखून दाखवा. याच कारणाने अशा डॅकवर ‘हाय-रेझ (सीडीहून जास्त दराच्या) फाइली किती मोकळ्या वाजतात’ असं लोक सांगतात. वाजतातच, पण त्यात फाइलचं कर्तृत्व थोडं असतं. ४४.१ची फाइल तिथे मुळात बसकी वाजत असते.

शिडीबद्दल दोन शब्द, कारण ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ वगैरे शब्द तिच्याभोवती फार फिरतात. १६ बिटच्या शिडीत सर्वांत मोठ्या बिटचं वजन ३२,७६८ पायऱ्यांचं. त्या एका रेझिस्टरमध्ये ०.०१ टक्क्याची चूक राहिली, तर तीन पायऱ्यांहून मोठी उडी चुकते. आणि साध्या रचनेत ही उडी नेमकी शून्य ओलांडताना बसते, म्हणजे सर्वांत हळू आवाजातही तिची गाठ पडतेच. चांगले निर्माते निवडून जुळवलेले रेझिस्टर घालतात, किंवा धन आणि ऋण बाजूंना वेगळ्या शिड्या देऊन ती उडी टाळतात. डेल्टा-सिग्माची चाल वेगळी. पायऱ्या मोजक्याच, पण वेग मेगाहर्ट्झमध्ये, आणि उरलेला गोंगाट ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकललेला. त्यातून १२० डेसिबलपलीकडची स्वच्छता आज नित्याची झाली आहे. तुमच्या खोलीतली शांतताच साधारण ३० डेसिबलची असते हे धरलं तर त्यातली किती कानापर्यंत पोचते हा वेगळा हिशेब.

‘डिजिटल म्हणजे कर्कश’ ही समजूत मात्र निराधार नव्हती. १९८२ मध्ये सोनीचा सीडीपी-१०१ आला तेव्हा त्यात दोन्ही चॅनेलांना मिळून एकच कन्व्हर्टर होता. तो आलटून पालटून डावं-उजवं करायचा, त्यामुळे दोन्हींत ११ मायक्रोसेकंदांचं अंतर पडे. शिवाय २० किलोहर्ट्झच्या लगेच पुढे सगळं कापणारा तीव्र अ‍ॅनालॉग फिल्टर. फिलिप्सने १४ बिटचाच कन्व्हर्टर घेतला, पण चौपट ओव्हरसॅम्पलिंग आणि नॉइज शेपिंग (वर सांगितलेलं गोंगाट ढकलणं) लावून त्याच्याकडून जवळपास १६ बिटचं काम करून घेतलं. अ‍ॅनालॉग फिल्टरही त्यामुळे सौम्य ठेवता आला. शेवटी तोच मार्ग जिंकला.

आता तुमच्या जुन्या सीडी. माझा संशय प्री-एम्फसिसवर आहे. सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींवर वरचे स्वर मुद्दाम उचलून नोंदवलेले असतात. १० किलोहर्ट्झला साडेसात आणि २० ला साडेनऊ डेसिबलच्या आसपास. सीडीवरच तशी खूण असते, आणि प्लेअर ती वाचून वाजवताना तेवढंच खाली आणतो. सीडीची फाइल करताना ही खूण बऱ्याचदा हरवते. मग लॅपटॉप उचललेलेच स्वर तसेच वाजवतो आणि तुम्ही डॅकला नावं ठेवता. ज्या ज्या सीडीची फाइल टोचते त्या वेगळ्या काढा. सगळ्याच टोचत नाहीत, काहीच टोचतात असं निघालं तर हेच कारण असण्याची दाट शक्यता. डी-एम्फसिसचा फिल्टर लावून फाइल पुन्हा केली की प्लेअर आणि लॅपटॉप एकमेकांच्या जवळ येतील. सगळ्याच टोचत असतील तर आधी ऑपरेटिंग सिस्टिमचा मिक्सर टाळा. तो ४४.१ला परस्पर ४८ करतो, कधी लिमिटरही लावतो. त्यासाठी सॉफ्टवेअर प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड चालू करा.

जिटरबद्दल (सॅम्पलांच्या घड्याळातल्या सूक्ष्म थरथरीबद्दल) तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सांगेलच, म्हणून लिहितो. एसपीडिफमध्ये (सीडी प्लेअरच्या डिजिटल आउटपुटची जोडणी) घड्याळ सिग्नलमधून काढावं लागतं, असिंक्रोनस यूएसबीमध्ये डॅक स्वतःच्या घड्याळाने चालतो आणि संगणकाकडून हवा तसा डेटा मागतो. बेंजामिन आणि गॅनन यांच्या १९९८ च्या प्रयोगांत शुद्ध टोनवर जिटर कळायला १० नॅनोसेकंदांच्या घरात असावा लागला, संगीतावर त्याहूनही जास्त. आजच्या बऱ्या डॅकमध्ये तो याच्या शेकडो पट खाली असतो. या विषयावर मी एवढाच वेळ घालवतो.

लॅपटॉपचा विद्युत गोंगाट मात्र जिटरपेक्षा कितीतरी जास्त वेळा आडवा येतो. काही वाजत नसताना स्पीकरच्या जवळ कान नेऊन माउस हलवा. चिरचिर ऐकू आली तर यूएसबीच्या ग्राउंडमधून घाण येते आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा, किंवा ऑप्टिकलने जोडा. तिथे तांब्याची तारच नाही, त्यामुळे ग्राउंडही जात नाही. ज्या डॅकच्या यूएसबीला आतून विलगीकरण आहे तो इथे उघड सरस ठरतो.

पातळी जुळली, उतरणीचा छडा लागला, तरीही काही उरतंय असं वाटलं तर न पाहता ऐकण्याची पाळी. कोणी तरी दुसऱ्याने बदल करायचा, तुम्ही नाही. १६ फेऱ्या घ्या. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. दहापैकी सात आले म्हणून खूश होऊ नका, तेवढे सतरा टक्के वेळा नाणं उडवूनही येतात. तुकडा छोटा निवडा, दहा-पंधरा सेकंदांचा. बारकाव्यांची कानाची आठवण फार टिकत नाही, अख्खं गाणं संपेपर्यंत पहिल्याचं चित्र पुसलेलं असतं.

यात फसायच्या जागा आहेत आणि मी फसलो आहे. एकदा दोन कन्व्हर्टरांमध्ये माझे १६ पैकी १६ बरोबर आले. मी छाती फुगवून बसलो. मग सहकाऱ्याने विचारलं, तू नक्की काय ऐकतोस? नीट लक्ष देऊन पाहिलं तर एक कन्व्हर्टर सिग्नल पकडताना क्षणभर मुका राहत होता आणि पहिल्या सुराची सुरुवात चिरली जात होती. कान तेवढंच टिपत होते, सुरांचा काही संबंध नव्हता. प्रत्येक तुकड्याआधी दोन सेकंद शांतता घातली आणि माझे ९ आले. तसंच, वेगवेगळ्या फिल्टरांमुळे दोन डॅकमध्ये काही मिलिसेकंदांचा उशीर असतो. वाजतं गाणं मध्येच बदललं तर तो अडखळा आपल्याला उत्तर सांगून जातो. थांबवा, बदला, पुन्हा सुरू करा.

या वादात दोन अभ्यासांचे दाखले नेहमी दिले जातात, आणि प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा तेवढाच देते. मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये हाय-रेझ डिस्कच्या सिग्नलमध्ये १६ बिट, ४४.१चा टप्पा घालून लोकांना ओळखायला लावलं. ५५४ पैकी २७६ बरोबर, म्हणजे नाणेफेक. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांतल्या साडेबारा हजारांवर फेऱ्या एकत्र करून पाहिल्या. तिथे ५२.३ टक्के आले, आणि कान तयार केलेल्या ऐकणाऱ्यांचं प्रमाण बरंच वर होतं. माझा अनुभव या दोहोंच्या मधला आहे. फरक असतात, पण ते पकडायला कोणता तुकडा, कोणत्या क्षणी, हे आधी ठाऊक असावं लागतं. आरामखुर्चीत टेकून रात्रभर गाणी ऐकणाऱ्याला ‘पडदा उठला’ असं वाटवणारा फरक पातळी जुळलेल्या दोन धड डॅकमध्ये मी आजवर ऐकलेला नाही.

हेडफोनची गोष्ट निराळी आहे. तिथे पोर्टेबल प्लेअर बदलला की आवाज धडधडीत बदलू शकतो आणि त्याला डॅकची चिप क्वचितच कारण असते. अनेक आर्मेचर (आवाज काढणारे छोटे घटक) असलेल्या इन-इअरचा (कानात घालायच्या हेडफोनचा) अवरोध (इम्पीडन्स) समजा एका स्वराला ५ ओहम आणि दुसऱ्याला ३० आहे. प्लेअरचा आउटपुट अवरोध १० ओहम असेल तर त्या दोन स्वरांत ७ डेसिबलचा कल तयार होतो. १ ओहमच्या प्लेअरला तोच सव्वा डेसिबलवर येतो. एका मित्राला ‘गोड’ आणि दुसऱ्याला ‘बोजड’ वाटणारा प्लेअर एकच असू शकतो, दोघांचे इन-इअर वेगळे. हेडफोनच्या अवरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी आउटपुट अवरोध असावा हा जुना नियम अजूनही चांगला आहे.

मग आर-टू-आर घ्यावा का? १७६.४च्या प्रयोगानंतर वॉर्मपणा गेला आणि तुम्हाला तो हवाच असेल, तर तुमच्या डेल्टा-सिग्मावर इक्वलायझरने तो मिळतो, आणि रेकॉर्डिंग मुळातच बसकं असेल तेव्हा बंदही करता येतो. म्हणून मी घेणार नाही. पण रोज बटणं न दाबता तोच स्वभाव हवा, ते यंत्र समोर असण्याचा आनंद हवा, असं असेल तर घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ‘जास्त तपशील’ मिळतो म्हणून घेऊ नका, कारण तिथे तो कमीच मिळतो. अपसॅम्पल करूनही, पातळी जुळवूनही, न पाहता तुम्ही १६ पैकी १२ वेळा तो ओळखलात तर मात्र मला कळवा. अशा वेळी मी आउटपुटचा टप्पा पाहायला सांगेन. ट्यूब किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याची विकृती, आणि कपलिंग कपॅसिटर (आउटपुटवर डीसी अडवणारा) अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटच्या मानाने छोटा असेल तर खर्जातली घट, या दोन जागा मी आधी तपासतो.

सीडी प्लेअर टाकून देऊ नका. त्याला डिजिटल आउटपुट असेल तर तो डेल्टा-सिग्माला जोडा आणि टोचणाऱ्या सीडींपैकी एक लावा. डॅक ती खूण ओळखत नसेल तर सीडी तिथेही टोचेल, प्लेअरच्या अ‍ॅनालॉग आउटपुटवर मात्र टोचणार नाही. असं झालं तर प्री-एम्फसिसचा संशय जवळपास पक्का, आणि लॅपटॉपही निर्दोष सुटला. तिन्ही यंत्रांचे डाव्या-उजव्या चॅनेलचे व्होल्ट मोजून पाठवा, मग पुढचं बोलू.